म्हशीचा ओव्हरटाईम

माणसानं कायदा वाचू नये असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही, आणि ईट गावच्या कृष्णराज तांबारेंचा घात नेमका तिथंच झाला.

तांबारे एका साखर कारखान्यात तेहतीस वर्षं टाईमकीपर होते. टाईमकीपर म्हणून लागले आणि टाईमकीपर म्हणूनच निवृत्त झाले. मधल्या काळात कारखान्यानं चार चेअरमन बदलले, बॉयलर बदलला, गेट बदललं. तांबारेंची खुर्ची तेवढी बदलली नाही. बढतीचा विषय निघाला की ते म्हणत, "मी जागेवरून हललो असतो तर कारखान्याचं घड्याळ बंद पडलं असतं." चार मिनिटं उशीर झाला की अर्धा रोज कापायचा हा त्यांचा धर्म, आणि ओव्हरटाईमच्या कागदावर सही करायची नाही हे त्यांचं व्रत. कामगारांच्या पगारातून पीएफ कापला जायचा, तसा त्यांच्याही कापला गेला. निवृत्तीनंतर त्यातून जी पेन्शन सुरू झाली ती महिना दोन हजार एकशे सत्तर रुपये. हा आकडा ते कुणाला सांगत नसत. बँकेतला कॅशियर मात्र दर महिन्याला मोठ्यानं सांगे.

गावी त्यांची सहा एकर जमीन, चंद्री नावाची एक म्हैस आणि हे सगळं सांभाळणारा बलभीम. बलभीम एकोणीस वर्षं त्यांच्याकडं सालगडी होता. सालगड्याचं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं. त्या दिवशी मारुतीच्या पारावर बसून नव्या सालाचा आकडा ठरतो, वर दोन कपडे, एक घोंगडं, चपलांचा जोड, ज्वारीचं पोतं असं काय काय ठरतं आणि मग गडी विडा उचलतो. ही घासाघीस तांबारेंना मुळीच आवडत नसे. भाजी घ्यावी तसा माणूस घ्यायचा, हे त्यांच्या टाईमकीपरी रक्ताला पटत नव्हतं. त्यात या वर्षी बलभीमनं एक लाख चाळीस हजार सांगितले. शेजारच्या शेताचे महालिंगप्पा दीड लाख द्यायला तयार आहेत, असंही तो जाता जाता म्हणाला. जाता जाता म्हटलेलंच खरं असतं, हे तांबारेंना कळत होतं. बलभीम गेला तर चंद्री विकावी लागणार, शेत बटईनं द्यावं लागणार आणि पुण्याचा मुलगा "विकूनच टाका ना" म्हणणार, हेही कळत होतं.

"देऊन टाका की चाळीस," बायको हरणाबाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षं आपल्या घरचं करतोय त्यो."

"प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे," तांबारे म्हणाले. हे वाक्य माणूस फक्त पैशाचा प्रश्न असतानाच म्हणतो.

मग त्यांना किमान वेतनाचा तक्ता आठवला. शासन दर ठरवतं, शेतमजुराचाही ठरवतं. अकुशल, अर्धकुशल, कुशल अशी वर्गवारी असते. तक्त्यावर बोट ठेवलं की घासाघीस संपली! ते तडक आसिफच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि तक्ता छापून आणला. तक्ता आडवा होता आणि कागद उभा. उजवीकडचे दोन रकाने कागदात मावले नाहीत. आसिफ म्हणाला, "चाचा, मोठा कागद घालू का? चार रुपये जास्त लागतील." तांबारे म्हणाले, "काही गरज नाही." आयुष्यात त्यांनी वाचवलेले हे सगळ्यात महागडे चार रुपये.

उरलेल्या रकान्यातला रोज घेऊन त्यांनी हिशोब केला. सव्वीस दिवस, बारा महिने. आकडा लाखाच्या बराच खाली आला. त्यांनी तीनदा ताळा करून पाहिला आणि शासनाबद्दल त्यांच्या मनात प्रथमच माया दाटून आली.

पाडव्याला पारावर मंडळी जमली. मध्यस्थ नेहमीचेच, शेजारचे बाबामियाँ. हे निवृत्त एसटी कंडक्टर. गावातल्या प्रत्येक भांडणात ते पंच म्हणून बसत आणि दोन्ही बाजूंना सुटे पैसे परत केल्यासारखा न्याय देत. तांबारेंनी पाचशेचा स्टँप पेपर काढला आणि घसा खाकरून वाचलं: बलभीम यास यंदापासून शासनाच्या तक्त्याप्रमाणे वेतन मिळेल, एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही.

बलभीमनं सुनेकडं पाहिलं. सून शिवकन्या बी.कॉम. झालेली, गावातल्या सेतू केंद्रात लोकांचे अर्ज भरायची. तिनं विचारलं, "आप्पा, तक्त्यापरमानं म्हंजे समद्या तक्त्यापरमानं न्हवं? तास, हप्त्याची सुट्टी, समदं?"

"सगळ्या! शब्दन् शब्द!" तांबारे म्हणाले.

"मग मामा, उचला इडा," शिवकन्या शांतपणे म्हणाली.

विडा उचलला गेला, सह्या झाल्या, आणि मग शिवकन्येनं मोबाईल काढून अख्खा तक्ता दाखवला. कागदात न मावलेल्या दोन रकान्यांपैकी एक होता 'विशेष भत्ता' आणि दुसरा 'एकूण'. एकूण एक लाख चाळीस हजारांच्या वर गेलं. महालिंगप्पांच्या दीड लाखाच्याही शेजारी जाऊन बसलं.  बाबामियाँ पुटपुटले, "टाईमकीपर, तिकीट तर फाडलं. आता उतरता येत न्हाय."

तेहतीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या चुका पकडल्या त्याची चूक सुनेच्या वयाच्या पोरीनं भर पारावर पकडली! तांबारेंना त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. पण शब्द दिला होता आणि वर पाचशेचा बाँड होता. "ठीक आहे," ते म्हणाले. "तक्ता तर तक्ता. पण मग मस्टरही असणार. कारखान्यासारखं. बघू कोण थकतं."

दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या खांबाला मस्टर टांगलं. आणि बलभीम, जो एकोणीस वर्षं पहाटे पाचला गोठ्यात असे, तो बरोबर आठला आला, सही केली, तासभर जेवला आणि पाचला पुन्हा सही करून सायकलवर बसला.

"अरे, धारा कोण काढणार?" तांबारे ओरडले.

"तास भरलं मालक," बलभीम म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, हे त्यातलं सगळ्यात वाईट. "पाटं पाचला याचं आन् सांच्याला धारंला थांबायचं म्हंजी ओव्हरटाईम. सही करता का?"

ओव्हरटाईम! ज्या हातानं जन्मात ती सही केली नाही त्याच हातानं त्यांनी बादली उचलली. "मी काढीन धारा," तांबारे म्हणाले.

चंद्रीला मात्र हा ठराव कुणी वाचून दाखवला नव्हता. तांबारे बादली घेऊन बसले की ती आधी त्यांच्याकडं वळून पाही, मग पुढं पाही आणि पाय उचली. पान्हा सोडण्याचं नाव नाही. सहा लिटरची म्हैस दीड लिटरवर आली. तेही दीड लिटर तिनं दिलं की कंटाळून सांडलं, याबद्दल घरात दोन मतं होती. गावभर सल्ले सुरू झाले. एकानं सांगितलं, सरकी वाढवा. दुसऱ्यानं सांगितलं, दृष्ट काढा. तिसऱ्यानं चंद्रीला रेडिओ लावायला सांगितला; तो लावला तर तिनं बादलीसकट रेडिओ उडवला. आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, बलभीमची पगारी सुट्टी. त्या दिवशी शेणसुद्धा तांबारेंच्याच वाट्याला येई. आणि बलभीम नवा सदरा घालून, बायकोला सायकलवर मागं बसवून, त्यांच्या दारावरून घंटी वाजवत बाजाराला जाई.

तेवढ्यात तांबारेंना पीएफची आठवण झाली. बलभीमचा पीएफ कापला तर हातात जाणारी रक्कम तरी कमी होईल, असा त्यांचा साधा, निर्मळ विचार होता. त्यांनी चौकशीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या माणसानं विचारलं, "किती कामगार आहेत?"

"एक."

"किमान वीस लागतात."

"मग मी काय करू?"

"एकोणीस बघा," तो म्हणाला आणि फोन ठेवला. पीएफ कापायचा तर आपल्यालाही मालक म्हणून तेवढाच भरावा लागतो, हे बाबामियाँनी आठवण करून दिल्यावर तांबारेंनी एकोणीस माणसांचा शोध थांबवला. मग त्यांनी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाला पत्र लिहिलं. विषय: शेतगड्याचे कामाचे तास व म्हशीच्या धारा यांबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत. खाली सही: कृष्णराज तांबारे, निवृत्त टाईमकीपर तथा कामगार कायद्यांचे अभ्यासक. अशा पत्रांना उत्तर येत नाही, ही त्यांची खात्री होती. उत्तर नको होतं. फक्त पोच दाखवून शिवकन्येला गप्प करायचं होतं.

शेवटी धारेवरचा उपाय हरणाबाईंनीच काढला. "म्हशीला वास कळतोय. बलभीमचा जुना सदरा घाला." तांबारेंनी आधी ठाम नकार दिला आणि चौथ्या दिवशी सदरा मागायला गेले. सदरा निळा, पाठीत विरलेला, वासाचं तर विचारू नका. बाजाराच्या दिवशी सकाळी त्यांनी तो चढवला, धोतर गुडघ्यावर खोवलं, डोक्याला बलभीमचंच फडकं गुंडाळलं आणि चंद्रीच्या पोटाशी बसले. चंद्रीनं वास घेतला. कान हलवले. पान्हा सुटतोय असं वाटलं. त्याच आनंदात तांबारे "शाब्बास!" म्हणाले आणि आवाजावरून लबाडी उघडी पडली. लाथ बसली ती बादलीला, आणि बादलीमागचे तांबारे शेणात पालथे.

ते उठले तेव्हा गोठ्याच्या तोंडाशी जीप उभी होती आणि हातात फाईल घेतलेले एक साहेब. हे महांतप्पा साहेब, जिल्ह्याहून आले होते. तांबारेंच्या पत्राला खरोखरच उत्तर आलं होतं आणि तेही जीपमध्ये बसून!

"बाबा," साहेब फार मायेनं म्हणाले, "तांबारे कुठे आहेत? ते कायद्याचे अभ्यासक?"

तांबारेंनी स्वतःकडं पाहिलं. एका कानापासून हनुवटीपर्यंत शेण, अंगात पाठ नसलेला सदरा. हाच तो अभ्यासक, असं कुठल्या तोंडानं सांगणार? आणि तोंड दिसत तरी कुठं होतं? बोली आपोआप खाली उतरली.

"मालक गावाला गेल्यात जी."

साहेबांनी फाईल उघडली. "कामावर कधी येता?"

"पाटं पाचला."

"सुटता कधी?"

"दिवा लागंस्तवर."

"आठवड्याची सुट्टी?"

"न्हाय." हे खरंच होतं.

"पगार किती देतात?"

"कायबी न्हाय." हेही खरं होतं.

साहेबांचा चेहरा गंभीर झाला. "जेवायला तरी?"

"कालची भाकरी." सकाळी हरणाबाईंनी तीच दिली होती.

"मालक मारतात का?"

"मालक न्हाय मारत. म्हस मारती."

"आणि पीएफ वगैरे?"

इथं मात्र तांबारेंचा ताबा सुटला. किती वर्षांचं दुखणं ते, शेणासकट बाहेर आलं. "पीएफ लई कापला साहेब! तेहतीस वर्सं कापला! आन् हातात काय आलं? दोन हजार एकशे सत्तर!"

साहेबांनी पेन थांबवलं, फडक्याखालच्या त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घाबरू नका बाबा. मी बघतो त्या मालकाकडे."

आठ दिवसांनी नोटीस आली. आपल्या शेतात अंदाजे पासष्ट वर्षे वयाचा, कृश, अकुशल कामगार वेतनाशिवाय व साप्ताहिक सुट्टीशिवाय राबवला जात असून त्याच्या भविष्य निर्वाह निधीबाबतही गंभीर तक्रार आहे; तरी सदर कामगारासह समक्ष हजर राहावे. हरणाबाईंनी ती दारात उभ्या राहून मोठ्यानं वाचली.

"एकसष्ट!" तांबारे किंचाळले. "मी एकसष्टचा आहे! आणि कृश? आणि अकुशल?"

बाबामियाँ हसून हसून ओट्यावर आडवे झाले. "अब बोलो! मालक हून जाणार का नौकर हून? दोघांचं तिकीट काढा. एक पासष्टचा लिवलाय, त्याला अर्धं लागंल!"

हसू ओसरल्यावर बाबामियाँच म्हणाले, की यातून सोडवणारा एकच माणूस आहे, आणि त्याच्याकडं जायला तांबारेंना तिकीट लागणार नाही, फक्त मान खाली घालावी लागेल.

तांबारे बलभीमच्या घरी गेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. बलभीमनं घोंगडं अंथरलं, शिवकन्येनं चहा ठेवला. तांबारेंनी नोटीस पुढं केली. शिवकन्येनं वाचली, पदर तोंडाला लावला आणि आत गेली. आत बराच वेळ भांडी उगाचच वाजत राहिली. बलभीम मात्र हसला नाही. "येतो मी," म्हणाला. "पर तारीख कामाच्या दिशी हाय. पगारी रजा टाकावी लागंल."

"टाक," तांबारे म्हणाले.

जिल्ह्याच्या कार्यालयात साहेबांसमोर बलभीमनं एका वाक्यात उरकलं. "साहेब, त्यो म्हातारा ह्योच. आन् मालकबी ह्योच."

साहेबांनी तांबारेंकडं पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मग फाईलकडं पाहिलं. "म्हणजे तुम्ही स्वतःलाच पगार देत नाही?"

"माझी काही तक्रार नाही," तांबारे घाईनं म्हणाले.

"कामगार असंच म्हणतो," साहेब म्हणाले. "मालक शेजारी बसलेला असतो ना."

मग त्यांनी बलभीमचं मस्टर तपासलं, तास, रोज, सुट्ट्या सगळं बघितलं, मान डोलावली आणि फाईलवर शेरा मारला: सदर कामगार व मालक यांच्यात समेट घडून आल्याने प्रकरण निकाली. फाईल मिटताना म्हणाले, "शेतगड्याला तक्त्याप्रमाणे देणारा मालक आज पहिल्यांदा पाहिला. बाकी काही असो." आपण तो तक्ता पगार कापायला आणला होता, हे तांबारेंनी सांगितलं नाही. पण परतीच्या एसटीत त्यांना तेच टोचत राहिलं.

येडशीच्या पुढं आल्यावर त्यांनी विचारलं, "महालिंगप्पांकडं जाणार का?"

बलभीम खिडकीबाहेर बघत होता. "जाणार हुतो. पाडव्याच्या आदी. बाँड झाला म्हून थांबलो." थोडं थांबून म्हणाला, "मालक, पैशाचं ऱ्हाऊ द्या, चार कमी देलं तरी चालंल. पर बाजाराची सुट्टी काडू नगा. एकोनीस वर्सात बायकूला घिऊन पयल्यांदा बाजाराला गेलो. हाटेलात बसून भजी खाल्ली. ती म्हनली, इतकी वर्सं कुटं हुतासा?"

 तेहतीस वर्षं तांबारेंनी हजारो माणसांची मिनिटं मोजली होती. त्या मिनिटांत कुणाची बायको असते, भजी असतात, हे मस्टरमध्ये कुठं लिहायचं असतं? त्यांना लाज वाटली, आणि वाटली ती त्यांनी लपवलीही नाही. डोळे पुसून म्हणाले, "चार कमी नाही. तक्ता तर तक्ता. आणि धारांचा ओव्हरटाईम."

"सही करता?"

"करतो. आणि पीएफ तुला बसत नाही, तर मजुरांच्या पेन्शनची योजना असेल ती शिवकन्येला बघायला सांग. दरमहा मी भरीन. माझ्याएवढी येऊ नये एवढंच बघायचं."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बलभीम गोठ्यात आला. चंद्रीनं त्याला पाहून असा हंबरडा फोडला की हरणाबाई बाहेर धावत आल्या. बादली भरून वाहिली. डेअरीत पुन्हा सहा लिटर जाऊ लागलं आणि महिन्याचा हिशोब केला तेव्हा वाढलेल्या दुधातच ओव्हरटाईम निघून वर थोडं उरलं. तांबारेंनी जन्मातली पहिली ओव्हरटाईमची सही केली. सही इतकी लपेटदार आली की रकान्यात मावली नाही.

बाजाराचा दिवस मात्र तांबारेंकडंच राहिला. शिवकन्येनं नियमावर बोट ठेवून मस्टरमध्ये खाली एक नाव वाढवलं: कृष्णराज तांबारे, वर्ग अकुशल. ते निमूट निळा सदरा घालत, तोंडातून अवाक्षर काढत नसत आणि म्हशीच्या पोटाशी बसत. आधी दोन लिटर निघाले, मग तीन. श्रावणातल्या एका बाजारी चंद्रीनं पाच लिटर दिलं आणि पाय उचलला नाही.

बाजारातून परतल्यावर बलभीमनं बादली पाहिली, चंद्रीची कास चाचपून पाहिली, मग खांबावरचं मस्टर काढलं आणि कानावरच्या पेन्सिलीनं काहीतरी खोडून काहीतरी लिहिलं. तो गेल्यावर तांबारेंनी चष्मा लावला. 'अकुशल' खोडून त्यावर 'अर्धकुशल' लिहिलं होतं, आणि बाजूला बलभीमची सही.

तांबारे मस्टर काखेत मारून, अंगातल्या सदऱ्यासकट, तसेच बाबामियाँच्या ओट्यावर गेले आणि ते पान त्यांच्यापुढं धरलं. बाबामियाँनी दोनदा वाचलं. "अरे वा! पगार किती वाढला मग?"

"पगाराचं बघू नंतर," तांबारे म्हणाले. "तेहतीस वर्षांत पहिली बढती आहे. आधी ती नीट बघू दे."